राजधानीत मोटार घेताना : आधी तारीख, मग किंमत

१४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ‘मारुती ८००’ मोटारीची किल्ली तिच्या मालकाच्या हाती देण्यात आली. दिल्लीच्या वेशीवरील गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या त्या चिमुकल्या गाडीने भारतीय मध्यमवर्गाला मोटारीचे स्वप्न दाखविले आणि पुढे बँकांच्या वाहन कर्ज योजनांनी ते हप्त्याहप्त्याने पुरे केले. त्या काळी गाडी घेणाऱ्याचा हिशेब सरळ असे. गाडी चालते आहे तोवर चालवावी, दुरुस्तीचा खर्च डोईजड होऊ लागला की विकावी. गाडीचे आयुष्य तिचे इंजिन आणि मालकाची निगा ही दोनच ठरवीत.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद आणि लगतच्या जिल्ह्यांत, हा हिशेब गेल्या दशकात पार बदलून गेला आहे. जेमतेम साठ हजार किलोमीटर धावलेली, सुस्थितीतील गाडीसुद्धा नोंदणीची ठरावीक वर्षे उलटताच रस्त्यावर आणता येईल की नाही, असा प्रश्न येथे उभा राहतो. त्यामुळे या भागात गाडी घेणाऱ्याने किलोमीटरचा आकडा पाहण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्रावरील तारीख वाचणे आवश्यक झाले आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्याहून बदली होऊन एक गृहस्थ मे २०२६ मध्ये नोएडा येथे वास्तव्यास आले. कार्यालय कनॉट प्लेसला, घरात शाळकरी मुले आणि वृद्ध आई. दिल्लीत मे २०२१ मध्ये नोंदणी झालेली एक डिझेल मोटार त्यांना पसंत पडली. गाडी देखणी, भाव माफक. सहा लाख रुपयांचे कर्ज सात वर्षांच्या मुदतीने घेतले, तर हप्ताही पेलवेल असे त्यांना वाटले. हा व्यवहार शहाणपणाचा ठरेल काय? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

वयोमर्यादा आली कोठून?

दिल्लीच्या हवेचा प्रश्न न्यायालयापुढे आला तो १९८५ मध्ये, पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेमुळे. त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी राजधानीतील सर्व बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. खासगी मोटारींची पाळी त्यानंतर आली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांना, तर ७ एप्रिल २०१५ च्या आदेशाने दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना राजधानी क्षेत्रात मज्जाव केला. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी या मर्यादांवर शिक्कामोर्तब केले. डिझेलसाठी दहा वर्षे आणि पेट्रोलसाठी पंधरा वर्षे, हे सूत्र तेव्हापासून रूढ झाले.

अंमलबजावणीचा प्रवास मात्र वळणावळणाचा आहे. १ जुलै २०२५ पासून दिल्लीतील पंपांवर अशा वाहनांना इंधन न देण्याचा निर्णय लागू झाला. क्रमांकाच्या पाट्या वाचणारे कॅमेरे पंपांवर बसले, काही गाड्या जप्तही झाल्या. नागरिकांचा रोष पाहून दिल्ली सरकारने आठवड्याच्या आतच फेरविचाराची विनंती केली आणि वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने हा निर्णय पुढे ढकलला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा आदेश दिला. १७ डिसेंबर २०२५ रोजी त्यात दुरुस्ती होऊन हे संरक्षण भारत स्टेज-४ व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित करण्यात आले.

येथे आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. दिल्ली व परिसरात भारत स्टेज-४ मानके १ एप्रिल २०१० पासून आणि देशभर भारत स्टेज-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. गाडी कोणत्या मानकाची आहे, हे नोंदणी प्रमाणपत्रावर पाहता येते.

न्यायालयाचे संरक्षण हा दिलासा आहे. त्याने गाडीच्या नोंदणीची मुदत आपोआप वाढत नाही. आदेश बदलू शकतात, हे २०२५ च्या एकाच वर्षाने तीनदा दाखवून दिले. म्हणून खरेदीदाराने आपला हिशेब दहा आणि पंधरा वर्षे धरूनच मांडावा. त्यापुढे गाडी चालली, तर तो लाभ समजावा.

कर्ज आधी संपावे, गाडी नंतर

आता नोएडाच्या गृहस्थांचा व्यवहार पाहू. गाडीची पहिली नोंदणी मे २०२१ ची, म्हणजे दहा वर्षे भरणार मे २०३१ मध्ये. सात वर्षांचे कर्ज फिटणार मे २०३३ मध्ये. समजण्यासाठी व्याजदर ९ टक्के धरला, तर सहा लाखांवर मासिक हप्ता सुमारे ९,६५३ रुपये येतो. मे २०३१ मध्ये, गाडी दहा वर्षांची होईल त्या दिवशी, कर्जाची सुमारे २ लाख ११ हजार रुपये मुद्दल शिल्लक असेल. त्या वेळी निर्बंध लागू असतील, तर राजधानी क्षेत्रात त्या गाडीला गिऱ्हाईक मिळणे दुरापास्त होईल. गाडी उभी आणि हप्ते चालू, अशी ही अवस्था.

हेच कर्ज पाच वर्षांत फेडावयाचे ठरविले, तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये होतो. दरमहा २,८०० रुपये अधिक भरावे लागतात, परंतु एकूण व्याजात सुमारे ६३ हजार रुपयांची बचत होते आणि कर्ज दहा वर्षांच्या मर्यादेपाशी संपते. चार वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता सुमारे १४,९३१ रुपये. मात्र मे २०३० मध्ये कर्ज फिटून गाडी विकण्यासाठी एक वर्ष हाती राहते. मर्यादेला वर्षभर अवकाश असताना विकलेल्या गाडीला जो भाव येतो, तो मर्यादेच्या आदल्या महिन्यात येत नाही.

यावरून एक साधा नियम निघतो : गाडीच्या वयोमर्यादेच्या किमान एक वर्ष आधी कर्ज पूर्णपणे फिटेल, एवढीच मुदत घ्यावी. तेवढ्या मुदतीचा हप्ता पेलत नसेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे असे समजावे. केवळ हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत वाढविणे हे राजधानीत विशेष महागात पडते.

कर्ज घेताना बँकेकडून मिळणारे मुख्य तथ्य विवरणपत्र काळजीपूर्वक वाचावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह कर्जाचा वार्षिक खर्च एकाच आकड्यात दिलेला असतो. तसेच व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी बँकेकडून घेतलेले कर्ज तरत्या व्याजदराचे असेल, तर मुदतपूर्व परतफेडीवर दंड आकारला जात नाही. वार्षिक बोनसमधून मुद्दल कमी करण्याचा बेत असल्यास ही बाब फार मोलाची ठरते.

डिझेल, पेट्रोल, सीएनजी की वीज?

डिझेल स्वस्त आणि डिझेल गाडी मैलाला पुरवठ्याची, हा समज जुना आहे. राजधानीत तो आकड्यांवर तपासून पाहावा. समजा, एकाच गाडीचे डिझेल रूप पेट्रोल रूपापेक्षा दीड लाख रुपयांनी महाग आहे. पेट्रोल ९५ रुपये लिटर व १५ किलोमीटरची सरासरी, डिझेल ८८ रुपये लिटर व २० किलोमीटरची सरासरी धरली, तर दर किलोमीटरमागे सुमारे १ रुपया ९३ पैसे वाचतात. दीड लाख भरून निघण्यासाठी गाडी सुमारे ७७ हजार किलोमीटर धावावी लागेल. वर्षाला आठ हजार किलोमीटर वापर असणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी साडेनऊ वर्षांहून अधिक काळ लागेल, म्हणजे डिझेल गाडीची राजधानीतील वर्षे संपत आलेली असतील. ज्यांचा वापर वर्षाला वीस हजार किलोमीटरच्या पुढे आहे, त्यांच्यासाठीच हे गणित जमते.

दुसरी अडचण यांत्रिक आहे. भारत स्टेज-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडविणारा एक फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळून तो स्वतःला स्वच्छ करतो, परंतु त्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो. घरापासून चार किलोमीटरवरील शाळा आणि सहा किलोमीटरवरील बाजार अशा रांगत्या वाहतुकीत तो तापत नाही. मग फलकावर इशाऱ्याचा दिवा लागतो. अशा गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालविणे हितावह असते. दिवा लागूनही दुर्लक्ष केल्यास दुरुस्तीचा खर्च मोठा होतो.

सीएनजी दिल्लीकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. प्रतिकिलोमीटर खर्च कमी. मात्र सामानाची जागा टाकीने व्यापलेली आणि पंपावर रांग. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाब चाचणी करून घ्यावी लागते. जुनी गाडी घेताना टाकीवरील चाचणीची तारीख पाहावी आणि बाहेरून बसविलेला संच नोंदणी प्रमाणपत्रात व विमापत्रात नोंदलेला असल्याची खात्री करावी. नोंद नसलेला संच हा दुर्घटनेच्या वेळी विमा कंपनीशी वादाचे कारण होतो.

विजेवरील मोटारीला इंधनाधारित वयोमर्यादेची भीती नाही. तिची तारीख निराळी, ती बॅटरीच्या हमीची. अनेक उत्पादक आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तेवढी हमी देतात. जुनी विद्युत मोटार घेताना हमीची किती वर्षे उरली आहेत आणि ती नव्या मालकाला लागू होते किंवा नाही, हे लेखी विचारावे. सोसायटीच्या वाहनतळात चार्जिंगची सोय होण्याची परवानगीही आधीच मिळवावी.

नव्या-जुन्याची तुलना करताना आणखी एक बदल ध्यानी घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी १८ टक्के झाला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाडीसाठी मागितलेला भाव त्याच गाडीच्या आजच्या नव्या भावाशी ताडून पाहावा. काही वेळा फरक इतका थोडा असतो की नवी गाडी आणि तिची पूर्ण पंधरा वर्षे हाच किफायतशीर सौदा ठरतो.

नाव बदलेपर्यंत व्यवहार पुरा नाही

जुन्या गाडीच्या व्यवहारात पैसे आणि किल्ली यांची देवघेव झाली की विक्रेता सुटकेचा निःश्वास टाकतो. कायदा मात्र त्याला सोडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणास कळविणे आवश्यक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात मोटार एकामागून एक अनेक हातांत गेली होती. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघातातील भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. कितीएक वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचा भुर्दंड अशा रीतीने मूळ मालकास सोसावा लागू शकतो.

याहून गंभीर धडा १० नोव्हेंबर २०२५ रोजी मिळाला. लाल किल्ल्याजवळील स्फोटात वापरलेली मोटार हरियाणात नोंदलेली होती आणि अनेक हातांतून गेली होती. तपास यंत्रणांना सर्वप्रथम जावे लागले ते तिच्या नोंदणीकृत मालकाकडे. सरळमार्गी माणसावर असा प्रसंग केवळ एका अर्जाच्या आळसाने येऊ शकतो, हे विसरता कामा नये.

दलालामार्फत विक्री करणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नवी तरतूद आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यावयाचे असते. अशा अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपविल्याची सूचना प्राधिकरणास दिली की तोच गाडीचा मानीव मालक ठरतो आणि मूळ मालकाच्या डोक्यावरील भार उतरतो. ही सूचना दाखल झाल्याची पोच घेतल्याखेरीज किल्ली देऊ नये.

खरेदीदाराने पाहावयाची सर्वांत महत्त्वाची नोंद म्हणजे गाडीवरील बोजा. आधीच्या मालकाने कर्ज घेतले असल्यास नोंदणी प्रमाणपत्रावर कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव असते. कर्ज फिटल्याचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि तिच्या सहीचा नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयात बोजाची नोंद रद्द करून घ्यावी लागते. बँकेच्या ग्राहकांनी हेही जाणून घ्यावे की कर्जाची पूर्ण परतफेड झाल्यापासून ३० दिवसांत कागदपत्रे परत करून नोंदविलेला बोजा हटविण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून कर्जदात्या संस्थांवर टाकली आहे. विलंब संस्थेमुळे झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे.

विम्याबाबत दोन गोष्टी. पहिली, गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमापत्र आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. दुसरी, दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत ही मालकाची असते, गाडीची नव्हे. पाच वर्षे एकही दावा न केलेल्या मालकास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विमा हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. गाडी विकताना त्याने तिचे प्रमाणपत्र घ्यावे आणि ती नव्या गाडीला लावावी. नोंदणीची वैधता हीही विम्याच्या मुळाशी आहे. तात्पुरती नोंदणी संपल्यावर अपघात झालेल्या एका गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये योग्य ठरविले होते.

एक शहर, तीन राज्ये

नोएडात राहणाऱ्याला दिल्लीतील गाडी घेणे म्हणजे रस्ता ओलांडण्याइतके सोपे वाटते. कागदोपत्री मात्र तो दुसऱ्या राज्यात प्रवेश असतो. दिल्लीचे ना हरकत प्रमाणपत्र, गाडीवर कर्ज असल्यास बँकेची संमती, उत्तर प्रदेशातील नवी नोंदणी आणि तेथील रस्ता कर, असा हा क्रम आहे. हा सारा खर्च व कालावधी किमतीत धरूनच सौदा करावा. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असेल, तर तेथे नवी नोंदणी घेणे कायद्याने बंधनकारक आहे.

ज्यांच्या नोकरीत बदल्या अटळ आहेत, त्यांच्यासाठी १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेची सोय झाली आहे. केंद्र व राज्य शासनाचे कर्मचारी, संरक्षण दले, सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी संस्थांचे कर्मचारी तिचा लाभ घेऊ शकतात. त्यात पंधरा वर्षांचा कर एकरकमी न भरता दोन-दोन वर्षांचा भरावयाचा असतो आणि राज्य बदलले तरी क्रमांक तोच राहतो. राष्ट्रीयीकृत बँकांतील बदलीपात्र अधिकाऱ्यांनी नवी गाडी घेताना या पर्यायाचा अवश्य विचार करावा. मात्र दोन वर्षे संपताच कर भरण्याची तारीख चुकवू नये, आणि गाडी राजधानीत असेतोवर वयाचे निर्बंध तिलाही लागू आहेत हे विसरू नये.

महाराष्ट्रातील वाचकांना या विषयाशी आपला काय संबंध, असे वाटू शकेल. दिल्लीची दहा वर्षांची मर्यादा महाराष्ट्रात नाही. त्यामुळे राजधानीतील आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या स्वस्तात घेऊन पुण्या-नागपूरकडे विकण्यास आणल्या जातात. भाव मोहात पाडणारा असतो. तो सौदा वाईटच असतो असे नाही, परंतु दिल्लीचे ना हरकत प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी पूर्ण रक्कम देऊ नये. महाराष्ट्रातील रस्ता कर, वाहतूक खर्च आणि नव्या नोंदणीचे शुल्क मिळवून जी बेरीज येईल, तीच त्या गाडीची खरी किंमत होय.

हिवाळ्याची धुरकट हवा, पावसाळ्याचे पाणी

गाडी घेऊन झाली, तरी राजधानीतील मालकाला ऋतुमानाचे भान ठेवावे लागते. ऑक्टोबरपासून हवा बिघडू लागली की श्रेणीबद्ध कृती योजना, म्हणजेच सर्वतोमुखी असलेले ‘ग्रॅप’, टप्प्याटप्प्याने लागू होते. हवेचा निर्देशांक ४०० च्या वर जाऊन तिसरा टप्पा लागू झाला की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद व गौतम बुद्ध नगर येथे भारत स्टेज-३ पेट्रोल आणि भारत स्टेज-४ डिझेल मोटारींना बंदी येते. अशी गाडी घेणाऱ्याने वर्षातील काही दिवस मेट्रोचा आधार घेण्याची तयारी ठेवावी. वाहन कोणत्या इंधनाचे, हे पुढच्या काचेवरील रंगीत स्टिकरवरून ओळखता येते : पेट्रोल व सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी.

प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र भारत स्टेज-४ व पुढील गाड्यांना वर्षभर चालते. ते संपलेले आढळल्यास दिल्लीत दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. अगदी थोड्या पैशांच्या प्रमाणपत्रासाठी एवढी जोखीम पत्करण्यात अर्थ नाही.

पावसाळ्याचा धोका वेगळा. जुलै २०२० मध्ये कनॉट प्लेसजवळील मिंटो पुलाखाली साचलेल्या पाण्यात एका मालवाहू गाडीच्या चालकास प्राण गमवावे लागले. पुलाखालील पाण्याची खोली अजमावता येत नसेल, तर परतीचा रस्ता धरावा. पाण्यात गाडी बंद पडल्यास ती पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही. परिणामी आतील दांडे वाकतात आणि इंजिन निकामी होते. सर्वसाधारण विमापत्रात हे नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात. २३२२ म्हणजे २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. खाचा शाबूत दिसल्या तरी दिल्लीच्या उन्हात जुना टायर कडक होतो व त्याला चिरा पडतात. उन्हाळ्यात दुबळी झालेली बॅटरी जानेवारीच्या धुक्यातील पहाटे हटकून दगा देते. चार वर्षे झालेल्या बॅटरीची थंडीपूर्वी तपासणी करून घेतल्यास सकाळची तारांबळ टळते.

तारखांचे टिपण

वयोमर्यादा गाठलेल्या गाडीपुढे दोनच मार्ग राहतात. अन्य राज्यात नेण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र घेणे, किंवा नोंदणीकृत भंगार केंद्रात ती जमा करणे. ऑगस्ट २०२१ मध्ये घोषित झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणानुसार अशा केंद्राकडून जमा प्रमाणपत्र मिळते. नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात त्यावर २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. कोपऱ्यावरील भंगारवाल्यास गाडी दिली, तर हा लाभ जातोच, शिवाय नोंदणीही मालकाच्या नावावर राहते.

गाडी पसंत करण्यापूर्वी पुढील सात गोष्टी एका कागदावर लिहून काढाव्यात :

१. पहिल्या नोंदणीची तारीख आणि प्रदूषण मानक
२. दहा किंवा पंधरा वर्षे पूर्ण होण्याची तारीख
३. कर्जाचा शेवटचा हप्ता केव्हा
४. विमा व प्रदूषण प्रमाणपत्र संपण्याची तारीख
५. सीएनजी टाकीची चाचणी किंवा विद्युत बॅटरीच्या हमीची मुदत
६. बोजा रद्द झाल्याची नोंद
७. आपल्या नावे नोंदणी झाल्याची तारीख

तिसऱ्या ओळीतील तारीख दुसरीच्या किमान वर्षभर आधी येत नसेल, तर पुन्हा विचार करावा. नोएडाच्या त्या गृहस्थांनी हे टिपण केले असते, तर त्यांच्यापुढे तीन वाटा दिसल्या असत्या : चार वर्षांचे कर्ज, थोडी लहान पण पेट्रोल-सीएनजीवरील गाडी, किंवा ‘बीएच’ क्रमांकाची नवी छोटी मोटार. कोणतीही वाट निवडली असती, तरी आईला रुग्णालयात आणि मुलांना शाळेत नेणारी गाडी दारात उभी राहिली असती, आणि २०३१ च्या मे महिन्यात त्यांना बँकेच्या हप्त्याची चिंता उरली नसती.